नवी गाडी घ्यावी की जुनीच चालवावी?

(समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा त्यांच्या मनात शिक्षण अथवा संस्कार असा एखादा विषय असावा. शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन आम्ही शिक्षकी पेशात शिरलो आणि उभा जन्म प्राथमिक शाळेत मुलांना त्रैराशिक शिकविण्यात घालविला. अशा माणसाने मालवाहू पिकअप गाडीविषयी बोलावे हे काहींस विनोदाचे वाटेल. तथापि गेल्या वर्षी आमच्या घरात ज्या एका प्रश्नाने दोन महिने झोप उडविली, तो हाच प्रश्न होय; आणि आमच्या समाजातील निदान पंधरावीस घरांत तो आज उभा आहे, हे आम्ही येथे बसलेल्या मंडळींच्या मुद्रेवरूनच ओळखतो. सबब त्यावरच बोलण्याची अनुज्ञा असावी.

आपला माळी समाज मळ्यात पिकवितो आणि बाजारात विकतो. पूर्वी बैलगाडी होती, मग एस.टी.च्या टपावर भाजीची गाठोडी गेली, मग मालमोटारवाल्यांची मनधरणी आली. २००५ साली टाटांची लहान मालगाडी निघाली. लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटले, आणि पाऊण टन माल वाहणारी ही गाडी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली. त्यानंतर मोठ्या पिकअप गाड्या गावोगाव दिसू लागल्या. ज्याची गाडी त्याचा बाजार, अशी स्थिती झाली. २०१३ साली आमच्या धाकट्या बंधूंनी अशीच एक पिकअप घेतली. तिच्या पहिल्या रकमेसाठी आमच्या भावजयीने आपल्या हातांतील पाटल्या मोडल्या. पुढे बंधू निवर्तले. गाडी राहिली, आणि ती चालविण्यास त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, उभा राहिला.

आमचा तालुका जुन्नर. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार आपणांस ठाऊक आहेच. २०२३ च्या जुलै-ऑगस्टात टोमॅटोचे भाव एवढे चढले की किरकोळ बाजारात किलोस शंभर रुपयांच्याही पलीकडे गेले. त्या हंगामात ज्यांच्या हाती पैसा आला त्यांतील काहींनी दारात नवी गाडी उभी केली. त्याच वर्षी मे महिन्यात भाव कोसळले होते, हे मात्र दोनच महिन्यांत सर्वजण विसरले. पुतण्याच्या मनात नव्या गाडीने तेव्हाच घर केले. जुन्या गाडीची शक्ती त्रेसष्ट अश्वशक्तीची. २०२२-२३ साली दोन टन माल वाहणाऱ्या नव्या गाड्या आल्या. महिंद्रांच्या बोलेरो मॅक्समध्ये ऐंशी अश्वशक्ती, तर टाटांच्या योद्धा गाडीत शंभर. मुलाचे मन शंभरावर बसले होते. "तात्या, घाटात सगळे मला मागे टाकून जातात," एवढे एकच कारण तो सांगे.

कर्जास जामीनदार म्हणून आमची सही हवी होती. आम्ही प्रथम नकार दिला. आमचा नकार साधा होता : जुनी गाडी चालते आहे, तिचे कर्ज फिटले आहे, मग हौसेसाठी आठ लाखांचे ओझे का घ्यावे? महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाचे दुःख मांडले आहे. त्यांचे नाव घेणाऱ्या समाजाने कर्जाचा कागद तरी नीट वाचावा, असे आमचे म्हणणे. मुलगा रुसला. घरात चार दिवस अबोला राहिला.

अबोल्याने प्रश्न सुटत नाही. तो हिशेबाने सुटतो. म्हणून आम्ही पुतण्यास म्हणालो, "एकदा आम्हांस गाडीत बसवून ने. मग बोलू."

रात्री दहाच्या सुमारास माल भरला. आम्ही क्रेट मोजले. शंभर! एका क्रेटमध्ये वीस किलो टोमॅटो आणि रिकाम्या क्रेटचे वजन सुमारे दीड किलो. म्हणजे २,१५० किलो. गाडीच्या नोंदणीपुस्तकाप्रमाणे मालाची मर्यादा १,३०० किलो. मालासह गाडीचे वजन तीन हजार किलो असावयाचे, ते ३,८५० झाले. आम्ही काही बोललो नाही. माळशेज घाटाच्या तोंडाशी आलो तेव्हा मध्यरात्र होत आली होती आणि धुके उतरले होते. घाटाच्या मध्यावर काहीतरी करपल्याचा वास आला. पुतण्याने गाडी कडेस घेतली. "काही नाही तात्या, ब्रेक तापलेत. पंधरा मिनिटं थांबलं की झालं," तो म्हणाला. त्याच्या स्वरावरून आमच्या ध्यानात आले की हे आजचे नाही, नित्याचे आहे.

त्या पंधरा मिनिटांत, अंधारात, रस्त्याच्या कडेस उभे राहून आम्हांस आमचे जुने गणित आठवले. ते आपणांपुढे मांडतो.

एक अश्वशक्ती म्हणजे पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याची शक्ती. तीन हजार किलोंची भरलेली गाडी पंधरास एक अशा चढावर ताशी वीस किलोमीटर वेगाने चढली, तर ती सेकंदास सुमारे ०.३७ मीटर उंची गाठते. त्यासाठी सुमारे पंधरा अश्वशक्ती पुरते. रस्त्याचे घर्षण व हवेचा विरोध वेगळा धरला तरी त्रेसष्टांत काम भागते. शिवाय आमची गोष्ट आणखी निराळी आहे. आमचा माल देशावरून कोकणात, म्हणजे घाट उतरून जातो. घाट चढावयाचा तो परतीच्या वाटेवर, रिकाम्या गाडीने! सतराशे किलोंच्या रिकाम्या गाडीस तेवढ्याच चढासाठी साडेआठ अश्वशक्ती लागते. मग शंभर अश्वशक्ती कशास?

आता उतरण्याचे गणित पाहू. घाटात सहाशे मीटर उंची उतरते असे धरू. उंचीवर असलेल्या वजनात जी शक्ती साठलेली असते ती उतरताना नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. जूल या शास्त्रज्ञाचा हा सिद्धान्त आम्ही शाळेत शिकलो होतो. तीन हजार किलोंची गाडी सहाशे मीटर उतरली की सुमारे ४,२०० किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. साध्या पाण्याचे बावन्न लिटर उकळण्यास एवढी उष्णता पुरते. गाडी ३,८५० किलोंची असेल तर सदुसष्ट लिटर. ही उष्णता काही हवा खाते, काही टायर खातात, चालकाने खालचा गिअर ठेवला असेल तर बरीच इंजिन खाते; उरलेली सारी चार चाकांच्या ब्रेकवर येते. ब्रेकचे अस्तर फार तापले की त्याची पकड सुटते, आणि ब्रेकच्या तेलात ओलावा शिरलेला असेल तर ते उकळून पायाखालचे पेडल पोकळ होते. काही चालक डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करतात, क्वचित इंजिनही बंद करतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारे साहाय्य दोनतीन दाबांत संपते आणि स्टिअरिंग जड होते. चार रुपयांच्या डिझेलसाठी तो माणूस आपले प्राण गहाण टाकीत असतो. जुन्या चालकांचा नियमच खरा : ज्या गिअरने घाट चढावा त्याच गिअरने उतरावा.

तात्पर्य, आमचा प्रश्न चढण्याच्या शक्तीचा नसून उतरण्याच्या सुरक्षिततेचा आहे, हे त्या रात्री आमच्या ध्यानात आले.

कल्याणच्या बाजारात माल उतरल्यावर चहा घेताना आम्ही पुतण्यास विचारले, "साठच क्रेट का भरीत नाहीस? कायद्याने तेवढेच बसतात."

तो खाली मान घालून म्हणाला, "तात्या, साठ क्रेट घेऊन निघालो तर दिवसाची मजुरीसुद्धा सुटत नाही. तुम्ही मांडून बघा."

आम्ही घरी येऊन मांडून पाहिले, आणि प्रांजळपणे सांगतो, आमचा नकार त्या वहीच्या पानावर डळमळला.

जाऊन-येऊन सुमारे २४० किलोमीटर. लिटरला बारा किलोमीटर धरले तर वीस लिटर डिझेल, नव्वद रुपये दराने १,८०० रुपये. मदतनीस, जेवणखाण, किरकोळ असे ४०० रुपये. एका खेपेचा खर्च २,२०० रुपये. क्रेटमागे भाडे ४५ रुपये. शंभर क्रेटचे ४,५०० रुपये. शिल्लक २,३०० रुपये. साठ क्रेटचे २,७०० रुपये. शिल्लक केवळ ५०० रुपये! म्हणजे जुनी गाडी 'चालते आहे' असे जे आम्ही म्हणत होतो, ते खोटे होते. ती कायदा मोडून चालत होती. तिची मिळकत ही मिळकत नव्हती, पुतण्याच्या जिवाचे भाडे होते. मोटारवाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली तीनुसार जादा मालाचा दंड वीस हजार रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनास दोन हजार रुपये. एकदा पकडले गेले की नऊ खेपांची शिल्लक गेली. अपघात झाल्यास विमा कंपनीशी वाद उभा राहतो तो वेगळाच.

आता नव्या दोन टनी गाडीचा हिशेब. तिच्यात नव्वद क्रेट, म्हणजे सुमारे १,९३५ किलो, कायद्याने बसतात. भाडे ४,०५० रुपये. खर्च तोच धरला तर शिल्लक १,८५० रुपये. हंगामाच्या पाच महिन्यांत महिना वीस खेपा आणि उरलेल्या सात महिन्यांत महिना आठ खेपा, अशा वर्षाच्या १५६ खेपा होतात. वार्षिक शिल्लक २,८८,६०० रुपये. आठ लाखांचे कर्ज, द.सा.द.शे. ११ व्याज, मुदत पाच वर्षे. हप्ता सुमारे १७,४०० रुपये, वर्षाचे २,०८,८०० रुपये. पाच वर्षांत आठ लाखांचे सुमारे दहा लाख चव्वेचाळीस हजार भरावयाचे. हप्ते वजा जाता वर्षाला उरले ७९,८०० रुपये. आणि जुनी गाडी कायद्याने साठच क्रेट घेऊन चालविली तर उरतात ७८,००० रुपये! वर्षाला अठराशे रुपयांसाठी आठ लाखांचे कर्ज! हा आकडा पाहून पुतण्याही गप्प झाला.

त्या गप्प बसण्यात आम्हांस मार्ग सापडला. दोष गाडीचा नव्हता, कर्जाच्या रकमेचा होता. विक्रेत्याने दिलेल्या कागदावर मासिक हप्ता मोठ्या अक्षरांत आणि एकूण फेड बारीक अक्षरांत होती. आम्ही उलट्या बाजूने निघालो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्के झाला होता. त्यामुळे गाडी सर्व खर्चासह दहा लाखांत बसत होती. जुनी गाडी सव्वादोन लाखांस विकली जात होती. घरातील शिल्लक पाऊणलाख आणि आमच्या निवृत्तीच्या रकमेतील एक लाख असे चार लाख उभे राहिले. कर्ज सहा लाखच घ्यावयाचे. हप्ता सुमारे १३,०५० रुपये, वर्षाचे १,५६,६०० रुपये. उरतात १,३२,००० रुपये. आता कोठे हा व्यवहार व्यवहार वाटू लागला. नव्या गाडीचा विमा अधिक, जुनीची दुरुस्ती अधिक. आमच्या वहीत ही दोन्ही एकमेकांस जवळजवळ फेडीत होती, म्हणून ती आम्ही सोडून दिली.

राहिला प्रश्न ऐंशी की शंभर अश्वशक्तीचा. माल दोहोंत दोन टनच. आमची वाट भरल्या गाडीने उतरण्याची. ज्याचा माल कोकणातून देशावर चढतो, त्याने जास्त शक्तीचा विचार अवश्य करावा. त्यास ती कामाची आहे. आम्ही मात्र ऐंशीवर थांबलो. मुलाचा चेहरा थोडा उतरला, ते आम्ही पाहिले. तरुण माणसास दुसऱ्याने मागे टाकणे सोसवत नाही. आम्हीही एकेकाळी सायकलवर तसेच होतो.

आणखी दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. १ एप्रिल २०२० पासून ज्या नव्या गाड्या विकल्या जातात त्या भारत स्टेज सहा या नियमाच्या आहेत. त्यांच्या डिझेल इंजिनाच्या धुराड्यात काजळी धरणारी गाळणी असते. लांब पल्ल्यावर गाडी तापून धावली तर ती काजळी आपोआप जळते. गावातल्या गावात थांबत थांबत चालणाऱ्या गाडीत ती तुंबते. ज्यांचे काम शेतापासून गावापर्यंतच आहे त्यांनी खरेदीपूर्वी याची चौकशी करावी. गावच्या मिस्त्रीस ही दुरुस्ती पाना-स्क्रूड्रायव्हरने जमत नाही, संगणक जोडावा लागतो; म्हणून सेवाकेंद्र किती लांब आहे हेही पाहावे. दुसरी गोष्ट, मालवाहू गाडीस आठ वर्षे झाली की योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. जुन्या गाडीचा हिशेब मांडताना हा खर्च आणि बुडणारे दिवस विसरू नयेत. परवान्याची चिंता मात्र नसावी : साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे.

सही करण्यापूर्वी आम्ही भावजयीस बोलाविले. पहिल्या गाडीत तिच्या पाटल्या होत्या. दुसऱ्या गाडीत तिचा शब्द नसावा हे बरे नव्हे. आम्ही तिला सारा हिशेब वाचून दाखविला. तिने तो शांतपणे ऐकला आणि म्हणाली, "भावजी, आकडे तुमचे तुम्ही बघा. मला एवढंच सांगा, पोरगं रात्री घाट उतरताना मी जागी राहायचं की झोपायचं?"

आमच्या दोन महिन्यांच्या हिशेबात हा रकाना नव्हता. आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर तीन कलमे लिहिली आणि पुतण्याची सही घेतली. पहिले, नव्वदाच्या वर एकही क्रेट नाही. दुसरे, घाट दुसऱ्या गिअरच्या वर उतरावयाचा नाही आणि न्यूट्रल कदापि नाही. तिसरे, दर खेपेचा जमाखर्च त्याच रात्री वहीत. त्यानंतर आम्ही जामीनपत्रावर सही केली. विजयादशमीस, २ ऑक्टोबर २०२५ रोजी, गाडी दारी आली.

सर्व काही सुरळीत झाले असे सांगितले तर आम्ही आपली फसवणूक करू. नव्वदाच्या वर माल घेत नाही म्हणून एका व्यापाऱ्याने आपले काम दुसऱ्यास दिले. एका महिन्याचा हप्ता खेपांतून निघाला नाही. तो आम्ही निवृत्तिवेतनातून भरला आणि वहीत उसने म्हणून लिहिला. पुतण्याने तो अद्याप फेडलेला नाही, परंतु दर आठवड्यास स्वतःहून त्याची आठवण काढतो. परतीच्या वाटेवर किराणा अथवा रिकामे क्रेट असे भाडे शोधण्यास तो शिकला आहे. ब्रेकचा तो वास पुन्हा आला नाही. भावजय झोपते की नाही, हे आम्ही विचारले नाही. परंतु रात्री त्यांच्या घरातला दिवा आता लवकर मालवतो.

समाजबंधूंनो, नवी गाडी घ्या अथवा घेऊ नका, असा उपदेश करण्यास आम्ही उभे नाही. एवढेच सुचवितो की गाडीच्या दुकानात जाण्यापूर्वी एक कोरी वही घ्यावी. माझा माल चढतो की उतरतो? नोंदणीपुस्तकाप्रमाणेच माल भरला तर जुन्या गाडीस काय उरते? हंगामाच्या नव्हे, पडत्या महिन्यांच्या खेपांतून हप्ता निघतो काय? एकूण फेड किती? या चार प्रश्नांची उत्तरे त्या वहीत लिहावीत. मग घरातील वडीलधाऱ्यांनी एकदा त्या गाडीत बसून रात्रीची खेप करावी. नकार द्यावयाचा असेल तर तो वाट पाहून द्यावा, आणि होकार द्यावयाचा असेल तर तोही वाट पाहूनच द्यावा. आम्ही आमच्या खुर्चीत बसून 'जुनी चालते आहे' असे म्हणत होतो, तेव्हा आमचाच मुलगा मध्यरात्री तापलेल्या ब्रेकपाशी उभा होता. ही चूक आपल्यापैकी कोणाकडून न होवो.